आधी हवा, मग माणूस

1 जुलै 1895 रोजी लंडनच्या पूर्वेला ईस्ट हॅम इथल्या सांडपाणी उपसा केंद्रात एक कामगार मॅनहोलच्या शिडीनं खाली उतरला आणि कोसळला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही कोसळला. मग तिसरा उतरला, चौथा उतरला, पाचवा उतरला. पाचही जण दगावले. सोबत्याला वाचवताना गेलेल्या चौघांची नावं लंडनच्या पोस्टमन्स पार्क या बागेतल्या स्मारकावर आजही वाचायला मिळतात.

9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात, वाकडी गावात, वापरात नसलेल्या एका विहिरीत बायोगॅसची शेणाची स्लरी साठवलेली होती. तिच्यात मांजर पडलं. मांजर काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि असे एकामागून एक सहा जण आत गेले. पाच जणांचा जीव गेला. सहाव्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याला वर ओढून काढता आलं आणि तो वाचला.

या दोन घटनांमध्ये 129 वर्षांचं अंतर आहे. देश वेगळा, माणसं वेगळी, कामही वेगळं. मृत्यूचा क्रम मात्र तोच. एवढ्या काळात या धोक्याचं विज्ञान पुरतं उलगडलं, त्यावर कायदे झाले, उपकरणं बाजारात आली. तरीही माणसं त्याच पद्धतीनं जात राहतात, कारण ज्ञान एका ठिकाणी आहे आणि विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी. कामाच्या जागेवरची सुरक्षा म्हणजे हे अंतर कमी करण्याचं काम. ते कसं करायचं, हे या एकाच धोक्याच्या आधारानं नीट समजतं.

बंदिस्त जागा कशाला म्हणायचं

सुरक्षाशास्त्रात ‘बंदिस्त जागा’ ओळखायच्या तीन खुणा आहेत. माणूस आत शिरू शकतो, पण येण्याजाण्याची वाट अडचणीची असते. ती जागा माणसानं तिथं थांबून काम करावं म्हणून बांधलेली नसते. आणि आतली हवा आपोआप खेळती राहत नाही.

या खुणा लावून आपल्या आजूबाजूला पाहिलं, की यादी लांबत जाते. सोसायटीची सेप्टिक टाकी, रस्त्यावरचा मॅनहोल, बायोगॅसचा खड्डा, गाळानं भरलेली जुनी विहीर, साखर कारखान्यातली मळीची टाकी, डिस्टिलरीतली आंबवण्याची पिंपं, एमआयडीसीतल्या कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाची (ईटीपी) टाकी, बॉयलर, रसायनांची रिअॅक्टर भांडी, धान्याची कोठारं, जहाजाच्या तळातली कोठी. वर्षानुवर्षं झाकून ठेवलेली कोरडी लोखंडी टाकीसुद्धा यात येते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद दीर्घकाळ टिकायची. पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी ते उघडं ठेवायचं, हवा जाऊ द्यायची, पेटता कंदील दोरीनं खाली सोडून पाहायचा आणि मगच माणूस उतरायचा, अशी जुन्या जाणत्यांची रीत होती. बंद जागेत साठवलेला शेतमाल सावकाश श्वसन करत असतो, प्राणवायू खातो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. हे रसायनशास्त्र त्या लोकांना पुस्तकातून ठाऊक नव्हतं. पण आधी तपासायचं आणि मग उतरायचं, हा नियम त्यांनी पक्का केला होता, आणि सुरक्षेचा पाया तोच आहे.

न दिसणारा शत्रू

आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे 20.9 टक्के असतो. तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा असुरक्षित मानतात. आणखी खाली गेला की विचार अडखळायला लागतो, हातपाय जड होतात आणि चुका होतात. 10 टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो. 6 टक्क्यांच्या खाली काही श्वासांतच सगळं संपतं.

यातली सर्वांत घातक गोष्ट अशी, की प्राणवायू कमी झाला हे शरीराला कळत नाही. श्वास कोंडल्यावर आपल्याला जी घुसमट जाणवते ती मुख्यतः रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. टाकीत नायट्रोजन भरलेला असेल तर माणूस कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहतो, त्यामुळे घुसमट होत नाही आणि मेंदूला इशारा मिळत नाही. रासायनिक कारखान्यात आग लागू नये म्हणून भांड्यात नायट्रोजन सोडतात. अशा भांड्यात नुसतं डोकं घालून पाहणारा माणूसही एकदोन श्वासांत आत कोसळू शकतो.

लोखंड गंजताना प्राणवायू वापरतं. म्हणून ओल असलेली बंद लोखंडी टाकी पूर्ण रिकामी, धुतलेली, वास नसलेली असली तरी जीवघेणी ठरू शकते. मळी आणि फळं आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. शेण आणि मैला कुजताना मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. मिथेन हवेत 5 ते 15 टक्के मिसळला की ठिणगीनं स्फोट होतो.

या सगळ्यांत हायड्रोजन सल्फाइड फार फसवा. तो हवेपेक्षा थोडा जड आहे आणि त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. अगदी सूक्ष्म प्रमाणातही हा वास जाणवतो, त्यामुळे लोकांना वाटतं, वास आला की निघून जाऊ. पण हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 100 भाग झाले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस आणखी आत जातो. 500 ते 700 भागांना काही मिनिटांत शुद्ध हरपते. 1000 भागांपाशी एकदोन श्वास पुरेसे असतात. 1000 भाग म्हणजे हवेच्या फक्त 0.1 टक्का.

गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम मोकळा होतो. वरून तपासताना हवा चांगली निघते, माणूस उतरतो, फावडं किंवा पाय गाळात पडतो आणि पुढच्या क्षणी तीच हवा विषारी होते. म्हणून उतरण्यापूर्वी एकदा तपासून भागत नाही. माणूस आत असेपर्यंत तपासणी चालूच ठेवावी लागते.

कधी कधी विष आपणच आत नेतो. विहिरीतलं पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन आत उतरवतात, ते खाली धूर ओकतं, आणि बिघडलं म्हणून बघायला माणूस उतरतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

कंदील, कॅनरी आणि मीटर

ईस्ट हॅमच्या मृत्यूंचा अभ्यास जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञांनी केला आणि त्यामागे हायड्रोजन सल्फाइड असल्याचं दाखवलं. खाणीतल्या विषारी वायूंवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. खाणीत कॅनरी पक्षी न्यावा ही सूचना त्यांचीच. छोट्या पक्ष्याचा श्वासाचा वेग माणसापेक्षा खूप जास्त, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम त्याच्यावर आधी दिसतो. ब्रिटनच्या खाणींत 1986 पर्यंत कॅनरी वापरात होते.

कंदिलाची रीत चांगली होती, पण तिची मर्यादा ओळखली पाहिजे. प्राणवायू 16-17 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते, म्हणजे प्राणवायूची कमतरता कंदील सांगतो. हायड्रोजन सल्फाइड मात्र 0.1 टक्का असला तरी ज्योत तशीच तेवत राहते आणि माणूस मरतो. आत मिथेन असेल तर तो कंदीलच स्फोट घडवून आणतो. म्हणून आजच्या मैलाटाकीपाशी किंवा बायोगॅसच्या खड्ड्यापाशी कंदील, मेणबत्ती, काडी यांतलं काहीही चालत नाही.

आज या कामाला तळहातावर मावणारा चार वायूंचा मीटर असतो. प्राणवायू, जळणारे वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे चारही तो एकाच वेळी मोजतो आणि मर्यादा ओलांडली की कर्कश वाजतो. त्याची नळी वरून सोडून तोंडाशी, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर मापं घ्यायची, कारण हलका वायू वर आणि जड वायू खाली असू शकतो.

उपायांची उतरंड

अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, ‘मास्क का नव्हता?’ हा प्रश्न शेवटचा असायला हवा. जोखीम कमी करण्याच्या उपायांना एक उतरंड आहे आणि ती वरून खाली वाचायची असते.

पहिला प्रश्न: माणूस आत जायलाच हवा का? सेप्टिक टाकी सक्शन गाडीनं बाहेरून उपसता येते. तुंबलेली भुयारी गटारं जेटिंग यंत्राच्या दाबाच्या पाण्यानं मोकळी होतात. केरळमधल्या जेनरोबोटिक्स या कंपनीनं बनवलेला ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव 2018 मध्ये तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोल साफ करू लागला. विहिरीत पडलेलं जनावर गळ, जाळं किंवा दोराच्या फाशानं काढण्याचा प्रयत्न करता येतो. माणूस आत गेला नाही तर आतला वायू कितीही विषारी असो, त्याचं काही चालत नाही.

दुसरा प्रश्न: कमी धोक्याची पद्धत आहे का? टाकीला आतून लावायच्या रंगात उडून जाणारी घातक द्रावकं असतील, तर पाण्यात मिसळणारा रंग वापरता येतो का, हे आधी पाहायचं. डिझेल इंजिन विहिरीत उतरवण्याऐवजी ते वर ठेवून नळ खाली सोडता येतो किंवा पाण्यात बुडणारा विजेचा पंप वापरता येतो.

तिसरा प्रश्न: रचनाच बदलता येईल का? हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत टिकाऊ उपाय आहे. सांडपाण्याच्या टाकीतला पंप दोन उभ्या रुळांवर बसवला, तर बिघडल्यावर साखळीनं वर ओढून दुरुस्त करता येतो, आत उतरावं लागत नाही. टाकीला समोरासमोर दोन मोठी तोंडं ठेवली, तर हवा आरपार जाते. टाकी बांधतानाच केलेल्या एवढ्या विचारानं पुढच्या तीस वर्षांतली प्रत्येक दुरुस्ती सुरक्षित होते. बांधणाऱ्यानं तेव्हा वाचवलेल्या पैशाची किंमत पुढं कुणीतरी दुसराच चुकवतो.

चौथा उपाय नियमांचा: लेखी परवानगी, प्रशिक्षण, कामाच्या पाळ्या, वर पहारा. पाचवा उपाय अंगावरच्या साधनांचा: हार्नेस, श्वसनयंत्र, हातमोजे.

उतरंडीच्या वरच्या पायऱ्या कुणाच्या सावधपणावर अवलंबून नसतात. कामगार दमलेला असो, घाईत असो, नवखा असो, त्या आपलं काम करतात. खालच्या पायऱ्यांना मात्र प्रत्येक माणूस, प्रत्येक दिवशी, प्रत्येक वेळी अचूक वागावा लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उतरंड उलटी वाचतात. हेल्मेट आणि बूट वाटतात, भिंतीवर फलक लावतात आणि सुरक्षा झाली असं समजतात.

मास्कबद्दल तर फार गैरसमज आहे. तोंडाला बांधलेला ओला रुमाल धूळ अडवतो, वायू अडवत नाही. गाळणी लावलेला मास्क ठरावीक विष शोषू शकतो, पण हवेत प्राणवायूच नसेल तर तो आणणार कुठून? अशा जागी पाठीवरच्या नळकांड्यातून किंवा बाहेरून नळीनं शुद्ध हवा पुरवणारं श्वसनयंत्रच लागतं.

झाकण उघडल्यावर

काही वेळा आत उतरण्याशिवाय इलाज नसतो. समजा, एका कारखान्यातल्या ईटीपीच्या टाकीच्या आतल्या भिंतीला तडा गेला आहे. टाकी तीन मीटर लांब, दोन रुंद, दोन खोल. म्हणजे बारा घनमीटर. हे काम नीट करणारी टोळी काय करते ते पाहू.

आदल्या दिवशी टाकी उपसून बाहेरूनच पाण्याच्या फवाऱ्यानं धुतात. आत येणाऱ्या प्रत्येक पाइपची झडप बंद करून तिथं लोखंडी चकती बसवतात, कारण नुसती झडप गळू शकते. ढवळणीच्या मोटरचा स्विच बंद करून त्याला कुलूप लावतात, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात जाते. तो बाहेर आल्याशिवाय कुणालाही ती मोटर सुरू करता येत नाही.

मग ब्लोअर लावतात. त्याची लवचीक नळी थेट तळापर्यंत नेतात, कारण तोंडाशी वारा घातला तर तळाची हवा हलत नाही. मिनिटाला सहा घनमीटर हवा देणारा ब्लोअर ही टाकी हिशेबानं दोन मिनिटांत एकदा भरतो. पण नवी हवा जुन्या हवेत मिसळत जाते, म्हणून टाकीभर हवा अनेकदा बदलू द्यावी लागते आणि काम चालू असेपर्यंत ब्लोअर बंद करायचा नसतो. जनरेटरचा धूर ब्लोअरच्या तोंडात जाणार नाही अशी जागा पाहायची. हवा सुधारावी म्हणून टाकीत वेल्डिंगचा ऑक्सिजन मात्र कधीच सोडायचा नाही. प्राणवायू जास्त झाला की अंगावरचे कपडे एका ठिणगीनं भडकतात.

आता मापं. ब्लोअर थोडा वेळ थांबवून मीटरची नळी खाली सोडतात: वर 20.9, मध्ये 20.9, तळाशी 20.7, बाकीचे तिन्ही आकडे शून्य. सुपरवायझर ही मापं वेळेसह परवानगीपत्रावर लिहितो, सही करतो आणि ब्लोअर पुन्हा सुरू करतो.

“साहेब, दोनच मिनिटांचं काम आहे, हार्नेस कशाला?”

“दोन मिनिटांनीच माणूस जातो, दादा. घाल.”

हार्नेसचा दोर तिपाईवरच्या हातचरख्याला जोडलेला असतो. एकट्या माणसाला बेशुद्ध देह हातानं ओढून वर काढता येत नाही. तिपाई आणि चरखा असला तर येतो. आत उतरणाऱ्याच्या छातीवर मीटर चालू आहे आणि दिवा 24 व्होल्टचा आहे. वर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा आहे. त्यानं चहाला जायचं नाही, फोन घ्यायचा नाही, दुसरं काम करायचं नाही. आणि त्याच्यासाठी सर्वांत कडक नियम असा, की काहीही झालं तरी त्यानं आत उतरायचं नाही. मीटर वाजला किंवा आतल्याचं बोलणं अडखळलं, की ‘बाहेर ये’ म्हणायचं आणि चरखा फिरवायचा.

धाडस चुकीच्या जागी

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संशोधन संस्थेनं 1986 मध्ये कामगारांना दिलेल्या इशाऱ्यात नोंदवलं होतं, की बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. पहिला मृत्यू अज्ञानातून येतो. दुसरा, तिसरा आणि चौथा प्रेमातून येतो. भाऊ डोळ्यांसमोर पडला असताना काठावर उभं राहणं माणसाला जमत नाही. म्हणून त्या क्षणी शहाणपणानं वागा असा उपदेश उपयोगाचा नाही. सुटकेची सोय आधीच, माणूस उतरतानाच, त्याच्या कमरेला किंवा पाठीला बांधलेली असली पाहिजे.

वेळेचं गणितही इथं निर्दय आहे. प्राणवायू बंद झाल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. अग्निशमन दल कितीही तत्पर असलं तरी तेवढ्यात पोहोचणं अवघड. ज्या कामात सुटका फक्त फोनवर अवलंबून आहे, त्या कामात सुटकेची सोयच नाही असं समजावं.

“शंभरदा उतरलोय”

कारखान्यांत जोखीम मोजायची एक साधी पद्धत रूढ आहे. परिणाम किती गंभीर याला एक ते पाच गुण, घडण्याची शक्यता किती याला एक ते पाच गुण, आणि दोन्हींचा गुणाकार. पद्धत उपयुक्त आहे, कारण ती काम सुरू होण्याआधी विचार करायला लावते. पण तिच्यात एक खाच आहे. शक्यतेचे गुण आपण अनुभवावरून देतो. ‘याच टाकीत शंभरदा उतरलोय, काही झालं नाही,’ असं म्हणून शक्यता एक धरतो. परिणाम मृत्यू, म्हणून पाच. गुणाकार पाच, म्हणजे पंचवीसपैकी पाच, आणि कागदावर जोखीम किरकोळ ठरते.

शंभर वेळा काही झालं नाही यावरून एवढंच कळतं, की त्या शंभर दिवशी हवा बरी होती. गाळ किती साचला, ऊन किती होतं, पाणी किती दिवस तुंबलं, यानुसार हवा रोज बदलते. जिथं परिणाम मृत्यू आहे तिथं शक्यतेच्या अंदाजावर विसंबायचं नाही. प्रत्येक वेळी नव्यानं मोजायचं. जुना अनुभवी कामगार अनेकदा याच कारणानं जातो. त्याचा अनुभव खरा असतो, पण तो आजच्या हवेबद्दल काहीच सांगत नाही.

जीव लगेच न घेणारे धोकेही याच कामात आहेत. गटारात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस, कावीळ, त्वचेचे आणि डोळ्यांचे आजार होतात. धनुर्वात आणि काविळीच्या लसी, कामानंतर अंघोळीची सोय, नियमित तपासणी यांचा खर्च अगदी थोडा आहे. पण हे आजार अपघातासारखे बातमीत येत नाहीत, म्हणून त्यांची नोंदही होत नाही आणि भरपाईही मिळत नाही.

कायदा काय म्हणतो आणि कोण मरतं

1948 च्या कारखाना कायद्यातल्या कलम 36 नं हे सगळं थोडक्यात लिहून ठेवलं होतं. घातक वायू असू शकेल अशा टाकीत, खड्ड्यात किंवा पाइपमध्ये शिरण्यापूर्वी तो वायू काढून टाकण्यासाठी शक्य ते सर्व करायचं. आणि जाणकार व्यक्तीनं तपासून लेखी दाखला दिलेला असला पाहिजे, किंवा उतरणाऱ्यानं श्वसनयंत्र आणि पट्टा लावलेला असून पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असलं पाहिजे. दोराचं टोक बाहेर कुणाच्या हातात आहे, इथपर्यंत कायद्यानं विचार केला होता.

2013 च्या हातानं मैला सफाईविरोधी कायद्यानं गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावणं गुन्हा ठरवलं. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे बंधन महापालिकेवर आहे, ठेकेदारावर आहे आणि माणसाला बोलावणाऱ्या सोसायटीवरही आहे. सर्वोच्च न्यायालयानं 27 मार्च 2014 रोजी अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी ती तीस लाख केली.

तरीही 2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना देशात 377 जण मेले, असं केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं. त्यांतले बहुसंख्य दलित समाजातले, ठेकेदाराच्या हाताखालचे, रोजंदारीवरचे. जो ‘नाही’ म्हणू शकत नाही त्यालाच खाली पाठवलं जातं, ही या आकड्यामागची खरी गोष्ट आहे. म्हणून कामगाराला काम नाकारण्याचा हक्क असणं आणि नाकारल्यावर त्याची रोजी न बुडणं, हाही सुरक्षेचाच भाग आहे. मीटर वाजल्यावर बाहेर येणाऱ्या कामगाराला ‘काम अर्धवट टाकलंस’ म्हणून बोल लावणारा मालक मीटर असून नसल्यासारखा करतो.

वाचकांसाठी

तुम्ही कारखान्यात नसलात तरी हे प्रकरण तुमच्यापर्यंत पोहोचतं. सोसायटीचे सेक्रेटरी असाल, तर टाकी साफ करायला माणूस बोलावू नका, सक्शन गाडी बोलवा. आणि गाडीवाला ‘तळाचा गाळ काढायला पोरगं उतरवतो’ म्हणाला तर त्याला थांबवा. शेतात बायोगॅसचा खड्डा किंवा जुनी विहीर असेल, तर तिच्यावर जाळी बसवा, म्हणजे जनावरही पडणार नाही. विहिरीत इंजिन उतरवू नका. कुणी आत कोसळलंच, तर त्याच्यामागे उतरू नका आणि दुसऱ्यालाही उतरू देऊ नका. 112, 101 आणि 108 वर फोन करा, असेल त्या साधनानं आत तळापर्यंत हवा सोडा आणि दोर असेल तर ओढा. वर काढल्यावर श्वास नसेल तर छाती दाबून कृत्रिम श्वास द्यायला लगेच सुरुवात करा. ही पद्धत आधीच शिकून ठेवा, कारण त्या वेळी शिकता येणार नाही.

आणि ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांनी एक नियम आजपासून पाळावा: ज्या जागेत स्वतःच्या मुलाला उतरवणार नाही, तिथं दुसऱ्याच्या मुलाला उतरवायचं नाही. उतरवणं अटळच असेल, तर आधी हवा मोजायची, दोराचं टोक वरच्याच्या हातात द्यायचं आणि मगच माणूस खाली सोडायचा.